काजूचा चीक उतला: हात, पापण्या आणि वईतला शेर

राजापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘मी आणि माझी जाऊ दर वर्षी ओले काजूगर काढून विकतो. यंदा सोमवारी दोघींनी मिळून पाचशेच्या वर बिया फोडल्या. हातमोजे तासाभरात फाटले, मग खोबरेल लावून तशाच बसलो. संध्याकाळी जावेचा अंगठा आणि दोन बोटं भाजल्यासारखी झाली, कातडी आधी पांढुरकी, मग तपकिरी. बुधवारी मनगटापर्यंत पाण्याचे फोड आणि खाज. गुरुवारी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे जेमतेम उघडत होते. माझी नुसती कातडी काळी पडून सोलतेय. चार वर्षांच्या मुलाच्या गालावर लाल चट्टा उठलाय. सासूबाई म्हणतात खोबरेल चोळत राहा, शेजारचे काका म्हणतात चुना लावा, मेडिकलमधून एक ट्यूबही आणलीय. फोडातलं पाणी लागून हे पसरतं का? सासूबाई गुडघ्याला बिब्बा लावतात, त्यांना कधी काही झालं नाही, मग हिलाच का? सीझन दीड-दोन महिन्यांचा, हिला परत कधी बसता येईल? आणि दीर पुढच्या आठवड्यात वईतला, म्हणजे कुंपणातला, शेर छाटणार आहेत, त्याचा चीकही असाच का?’

ताई, सगळ्यात आधी डोळ्यांचं. पापण्या सुजून डोळे उघडत नसतील तर ते घरी सांभाळायचं दुखणं नव्हे. जाऊबाईंना आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथे नुसतं ‘अ‍ॅलर्जी झालीय’ म्हणू नका. काजूच्या बीचा चीक लागला, सोमवारी लागला, किती तास काम केलं, त्यावर काय काय लावलं, हे सगळं सांगा. मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील किंवा कसल्या गोळ्या चालू असतील तर तेही. ओठ किंवा जीभ सुजायला लागली, आवाज घोगरा झाला, श्वास घेताना छाती ओढू लागली, तर वाट न पाहता १०८ लावा.

आता हे झालं कशाने ते बघू, कारण उपाय त्यावर ठरतो. काजूच्या बीचं कवच दिसायला एक असलं तरी आतून पोकळ्यांचं आहे, मधाच्या पोळ्यासारख्या घरांचं, आणि त्या घरांत तेल भरलेलं असतं. ओल्या बीत कवच मऊ असल्यामुळे सुरी लागली की हे तेल थेट बोटांवर येतं. त्यात मोठा वाटा अनाकार्डिक आम्लाचा, आणि फोड आणण्यात पुढे असतो तो कार्डॉल. हे तेल दोन तऱ्हांनी इजा करतं, आणि जाऊबाईंना दोन्ही झाल्या आहेत.

पहिली तऱ्हा सरळ भाजण्याची. तेल जिथे जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहिलं, म्हणजे बी धरणारा अंगठा आणि बाजूची दोन बोटं, तिथली कातडी त्याने जाळली. ही इजा काही तासांत दिसते, जिथे लागलं तिथेच राहते, आणि कुणालाही होते. तुमच्या हाताची कातडी काळी पडून सोलतेय तीही हीच, फक्त हलकी. काळा रंग पाहून घाबरू नका, हवा लागली की हे तेल काळं पडतंच.

दुसरी तऱ्हा म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘उतणं’ म्हणतात ती. तेलातले बारीक कण कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडीला शत्रू समजून तुटून पडतात. याला वेळ लागतो. ज्याच्या शरीराला हे तेल आधीपासून ओळखीचं झालंय, त्याला साधारण १ ते ३ दिवसांत फोड येतात. अगदी पहिल्यांदाच ओळख होत असेल तर कधी दहा-पंधरा दिवसही जातात, आणि मग माणूस म्हणतो, ‘काजूला तर मागच्या आठवड्यात हात लावला होता, हे आज कुठून आलं?’ सोमवारचं काम आणि बुधवारचे फोड, हे घड्याळ उतण्याचं आहे.

मग पापण्यांना कुणी काजू लावला? जाऊबाईंनी स्वतःच, नकळत. घाम पुसताना, बट मागे सारताना. तळहाताची कातडी जाड असते, पापणीची कागदासारखी. जे तेल तळव्यावर नुसता डाग पाडून जातं, त्याचा पुसटसा अंश पापणी सुजवायला पुरतो. उतण्यात हात बरे आणि डोळे सुजलेले, असंही चित्र पुष्कळदा दिसतं.

तुमच्या मुलाच्या गालाचं उत्तरही इथेच आहे. फोडातल्या पाण्यात तेल नसतं. ते पाणी म्हणजे शरीराचाच स्राव, ते लागून ना त्याच माणसाच्या अंगावर पसरत ना दुसऱ्याला होत. नवे नवे फोड दिवसागणिक येत राहतात, म्हणून पसरल्यासारखं वाटतं खरं. पण कातडी पातळ तिथे लवकर, जाड तिथे उशिरा, एवढाच त्याचा अर्थ. पसरतं ते तेल. तुम्ही त्या दिवशी मुलाचं तोंड पदराने पुसलं असेल, किंवा काम अर्धवट ठेवून त्याला उचललं असेल. आणि तेच तेल अजूनही घरात असण्याची शक्यता दांडगी आहे. सुरीच्या लाकडी मुठीत, विळीच्या पाटावर, बसायच्या गोणपाटावर, नळाच्या तोटीवर, मोबाईलवर, गाडीच्या हँडलवर. वाळलं म्हणून त्याचा जोर जात नाही. उपचार चालू असूनही पाचव्या-सहाव्या दिवशी नवे चट्टे उठले, तर औषधाला दोष देण्याआधी ही यादी तपासा.

त्यासाठी आज हे करा. त्या दिवशीचे कपडे इतर कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात पावडर घालून दोनदा धुवा. बादली आणि मग्गाही नंतर साबणाने धुवा. सुरी-विळी भांड्याच्या साबणाने दोनदा घासा. लाकडी मूठ काळी पडली असेल तर वरून घासून काढा किंवा बदलाच. मोबाईलचं कव्हर काढून धुवा. गोणपाट फेका, पण चुलीत घालू नका. हे सगळं हातमोजे घालूनच, आणि जाऊबाईंनी यातल्या कशालाही हात लावायचा नाही. दोघींची नखं कापा आणि जुन्या मऊ टूथब्रशने साबण लावून नखांखालून अलगद फिरवा. फोड फुटलेल्या बोटांना मात्र ब्रश नको.

हाताची शुश्रूषा अशी. बांगड्या, अंगठी, घड्याळ आधी उतरवा. सूज चढल्यावर अंगठी निघत नाही आणि मग ती कापावी लागते. बांगड्या काढायला कुणी मोडता घालत असेल तर सूज उतरल्यावर परत भरता येतात, एवढं सांगा. मग साधं गार पाणी आणि सौम्य साबण, न घासता. गरम पाण्याने खाजेला क्षणभर बरं वाटतं आणि तासाभराने ती दुप्पट होऊन येते.

फोड ओले आहेत, पाणी पाझरतंय, तोवर गार मिठाच्या पाण्याच्या घड्या हा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ. स्वच्छ धुतलेल्या जुन्या सुती कपड्याचा तुकडा त्यात भिजवून, पिळून, फोडांवर १५ ते २० मिनिटं ठेवा. मध्ये तो कोमट झाला की परत बुडवा. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवस. पाझर थांबला की घड्या बंद. त्यापुढे चालू ठेवल्या तर कातडी कोरडी पडून भेगाळते. पाणी रोज नवं करायचं, कालचं नाही. बर्फ थेट लावू नका, भाजलेल्या कातडीला तो दुसरी इजा करतो.

फोड फोडायचे नाहीत. वरची कातडी हीच सगळ्यात स्वच्छ पट्टी असते. बोटाच्या पेऱ्यावर मोठा ताणलेला फोड आला आणि बोट वाकेना, तर तो डॉक्टर किंवा सिस्टर निर्जंतुक सुईने कडेला टोचून रिकामा करतील, वरची कातडी तशीच ठेवून. घरची सुई मेणबत्तीवर धरून हे करू नका. आपोआप फुटलेल्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर मेडिकलमध्ये मिळणारं पॅराफिनचं जाळीदार गॉज, वर साधं गॉज आणि सैल बँडेज. कापूस थेट जखमेवर ठेवला की त्याचे तंतू चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी ओरबाडून निघतात. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं. दोन ओली बोटं एकत्र बांधली तर ती एकमेकांना चिकटू लागतात. पट्टी रोज बदला, आणि चिकटली असेल तर मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवा. झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा वर. बोटं दिवसातून पाच-सहा वेळा पूर्ण उघडझाप करून घ्या, दुखलं तरी. नाहीतर जखम भरते आणि बोट आखडतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. रात्री खाजेने झोप येत नसेल तर सेट्रिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी चालते, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. पित्ताच्या गांधींवर ती जेवढी चालते तेवढी या फोडांवर चालत नाही. तिचा उपयोग मुख्यतः झोपेपुरता. दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असतील तर हीसुद्धा विचारल्याशिवाय नको. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर तेही केंद्रात विचारून घ्या.

आता तुमच्या ट्यूबविषयी. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण काउंटरवर ‘खाजेची’ म्हणून मिळणाऱ्या ट्यूबांत बहुधा तीन-चार औषधांची भेळ असते: एक तीव्र स्टिरॉइड, एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का पाहा. स्टिरॉइड वाईट नाही. उतण्यावर खरं काम तेच करतं. प्रश्न आहे कुठे आणि किती. फुटलेल्या, जळलेल्या जागी लावलं तर जखम भरणं लांबतं. पापण्यांवर तीव्र स्टिरॉइड कधीही नको. धड कातडीवर, जिथे नुसती लाली आणि खाज आहे, तिथे डॉक्टर जे देतील ते मोजून लावा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत जेवढं मलम पिळलं जातं, तेवढं एका हाताला मागून-पुढून पुरतं. त्याहून जास्त म्हणजे वाया.

पापण्यांपर्यंत सूज गेली आहे, त्यामुळे डॉक्टर बहुधा पोटात घ्यायचं स्टिरॉइड देतील, प्रेडनिसोलोनसारखं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. चार-पाच दिवसांत सूज उतरते, माणूस गोळ्या बंद करतो, आणि आठवड्याने फोड पहिल्याइतक्याच जोराने परत येतात. मग म्हणतात औषध लागू पडलं नाही. उतण्याची लाट दोन-तीन आठवडे चालते, म्हणून गोळ्याही हळूहळू कमी करत साधारण तेवढेच दिवस द्याव्या लागतात. डॉक्टरांनी पाचच दिवसांच्या लिहून दिल्या तर पुढे काय, हे तिथेच विचारा. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर चढते, ती मोजत राहायची.

मुलाच्या गालाला एवढं काही नको. साबणाने एकदा नीट धुवा, नखं कापा, दिवसातून दोन-तीनदा गार घडी. चट्टा डोळ्याकडे सरकला किंवा पाझरू लागला तर दाखवा. बाकी दोन-तीन आठवड्यांत जाईल.

खोबरेल आणि चुना. सासूबाईंचं खोबरेल अर्ध्यावर बरोबर आहे. कामाला बसण्यापूर्वी ते लावलं तर कातडीवर एक थर बसतो आणि चीक थेट लागत नाही. पण चीक लागल्यावर चोळलं तर चिकातलं तेल खोबरेलात विरघळतं आणि बोटावरचं मनगटावर, मनगटावरचं कोपरापर्यंत जातं. चीक वाळून काळा डांबरासारखा चिकटला असेल, तर खोबरेलात बुडवलेल्या चिंधीने एकदाच बाहेरच्या दिशेने पुसून, चिंधी टाकून, लगेच साबणाने धुवायचं. चोळत राहणं नाही. आणि फोड आल्यावर तर तेलाचं काहीच काम नाही.

चुना मात्र अजिबात नको, काकांना नम्रपणे सांगा. चुना स्वतः कातडी जाळतो. एक भाजणं असताना त्यावर दुसरं. टूथपेस्ट, शेण, शाई यांतलंही काही नको. रॉकेलने चीक निघतो, पण त्याबरोबर कातडीवरचं रक्षण करणारं स्निग्ध आवरणही निघतं आणि उरलेला चीक आत जायला वाट मोकळी होते. लिंबू चोळायची सवयही पुष्कळांना आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर उन्हानेच फोड येतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. इंटरनेटवर युरोपातल्या एका भल्यामोठ्या पांढऱ्या फुलांच्या झाडाने माणसं भाजल्याची छायाचित्रं फिरतात, ती करामत याच जातीच्या द्रव्यांची. ते झाड आपल्या किनाऱ्यावर नाही, लिंबू घरोघरी आहे.

सासूबाईंना बिब्बा का उतत नाही? काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातली भावंडं, आणि तिघांच्या चिकातली द्रव्यं एकमेकांच्या तोंडवळ्याची. पण उतणं हे प्रत्येकाच्या शरीराच्या ओळखीवर ठरतं. कुणाला दुसऱ्याच वेळी उततो, कुणाला वीस वर्षं काही होत नाही आणि एकविसाव्या वर्षी होतं. आजवर काही झालं नाही ही पुढची हमी नव्हे. उतारवयात ही चिडखोरी थोडी मंदावते, हेही एक कारण असेल. तरी बिब्बा फार तीव्र आहे. धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत, आणि दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी फोड उठले. डॉक्टरी पुस्तकांत हे दुखणं धोब्याच्या नावाने नोंदलं गेलं. वाळलेल्या, धुतलेल्या कपड्यावरची ती एवढीशी खूण होती! मराठीत चांगल्या कामात बिब्बा घालतात तो उगाच नाही.

म्हणून गुडघ्याला बिब्बा लावून वर कापड घट्ट बांधू नका, हे सासूबाईंना सांगा. चित्रकाची मुळी आणि लसणाचा लेपसुद्धा बांधून ठेवला की कातडी जाळतो. बिब्बा लावल्यावर फोड आले आणि लघवी कमी किंवा गडद होऊ लागली, तर तडक डॉक्टर. आणि जाऊबाईंच्या गुडघ्याला, टाचेच्या भेगांना यापुढे बिब्बा कधीच नको. त्यांना काजू उतला म्हणजे बिब्बाही उतण्याची शक्यता मोठी. आंब्याचंही जपूनच. हापूसचा देठ खुडताना उडणारा चीक आणि साल यांतच तो त्रास असतो, गरात जवळपास नाही. दुसऱ्या कुणीतरी देठाकडून चीक काढून, धुवून, साल काढून फोडी दिल्या तर बहुतेकांना चालतात. चोखून खाणं मात्र बंद. नाहीतर ओठांभोवती गोल चट्टा उठतो. भाजलेले, नीट सोललेले काजूगर सहसा चालतात. त्यांना कवचाचं तेल लागलेलं नसलं म्हणजे झालं.

पुन्हा कामाला कधी बसायचं? जाऊबाईंचे हात पूर्ण भरून, नवी कातडी गुलाबीची नेहमीच्या रंगाची होईपर्यंत तर नाहीच, म्हणजे तीन-चार आठवडे गेले. सीझन त्यात संपतो, हे आम्हाला कळतं. पण स्पष्टच सांगतो: पुढच्या वर्षीही त्यांनी बी फोडायला बसू नये. एकदा ओळख झाली की शरीर ती विसरत नाही, पुढच्या खेपेला कमी चिकात जास्त उतू शकतं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिरगळून बिया वेगळ्या करणं, त्या निवडणं हेसुद्धा त्यांनी हातमोज्याशिवाय करू नये. गर पाण्यात धुणं, मोजणं, पिशव्या भरणं, बाजारात बसणं ही कामं त्यांनी घ्यावीत आणि फोडणं तुम्ही. मिळकत दोघींची सारखीच ठेवा म्हणजे घरात वाद नको.

तुम्ही बसाल तेव्हा तुमच्या मागच्या खेपेची चूक आधी सुधारा. हातमोजे फाटले ते बहुधा पातळ लेटेक्सचे होते. लेटेक्स खोबरेलाने विरघळल्यासारखं सैल होतं, आणि चीकही त्यातून झिरपतो. नायट्राइलचे घ्या, निळे किंवा काळे मिळतात. हाताला एरंडेल किंवा खोबरेलाचा दाट थर, मग नायट्राइलची एक जोडी, जमलं तर वर दुसरी. वरची जोडी तासाभराने किंवा छिद्र दिसताक्षणी बदलायची. बिया फोडण्याआधी कोरड्या राखेत घोळवा. राख चीक शोषते आणि बी निसटत नाही. राख कोरडीच हवी. ओली झाली की ती क्षारासारखी चावते, आणि फुटलेल्या कातडीवर तर नकोच. लांब बाह्यांचा जुना सदरा, कपाळाला घाम टिपणारं फडकं, म्हणजे हात तोंडाकडे जाणार नाही. मूल त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे असू द्या. चीक कातडीला लागलाच तर पहिली दहा-पंधरा मिनिटं सोन्याची: कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग भांडी घासायच्या लिक्विड साबणाने गार पाण्याखाली तीनदा धुवा. ‘एवढ्या बिया संपवून उठते’ म्हणालात की वेळ गेली.

सुक्या बिया घरी भाजत असाल तर आणखी एक धोका. तेल तापून उडतं, पेट घेतं आणि धूर डोळ्यांना, घशाला जाळतो. ते अंगणातच करा, वारा पाठीशी घेऊन, लांब दांड्याने. बिया ओलसर असल्या की जास्त उडतात. आग विझवायला पाणी नाही, माती किंवा राख. भाजताना तेल उडून भाजलं तर आधी २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा, मग साबण.

कुठलंही भाजणं किती मोठं, हे मोजायला ज्याला इजा झाली त्याचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. मोठ्या माणसाला १० तळहात, लहान मुलाला पाच, एवढी जागा फोडांनी भरली तर जिल्हा रुग्णालयाशिवाय पर्याय नाही. त्याहून कमी असूनही घाई करायची ती अशा वेळी: चेहरा किंवा गुप्तांगावर फोड असतील, इजा बोटाभोवती गोल फिरली असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडून बधिर झाली असेल, पू, ताप, किंवा हातावरून वर चढणारी लाल रेघ दिसत असेल. जाऊबाईंच्या अंगठ्याला टोचून बघा, नखाने हलकंच. दुखत असेल तर बरं. काही जाणवत नसेल तर तेही आजच डॉक्टरांना दाखवा. भरल्यावर काळे डाग काही महिने राहतील. त्यांना ऊन लागू देऊ नका, घासू नका, जेली लावत राहा.

राहिला शेर. तो या कुळातला नाही. त्याचा चीक दुधासारखा पांढरा, आणि तो उतायची वाट बघत नाही, लगेच चावतो. कातडीवर लाली, कधी फोड. पण त्याचा खरा वार डोळ्यावर. दुधाळ चिकाच्या निवडुंगाचंही तसंच, आणि खाडीकाठच्या कांदळात वाढणाऱ्या गेव्याचा, ज्याला कुठे हुरा म्हणतात, त्याचाही. कालवं-तिसऱ्या काढायला जाणाऱ्यांना हे झाड माहीत असतं. फांदी मोडली की दूर होतात.

दिरांनी शेर छाटताना पूर्ण झाकणारा चष्मा घालावा, साधा गॉगल नव्हे, बाजूंनीही बंद असणारा. वेल्डिंगवाल्यांकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक मिळतो. जाड हातमोजे, लांब बाह्या. कोयता डोक्याच्या वर चालवू नये, चीक वरून थेंबथेंब पडतो. वारा पाठीशी घ्यावा, आणि पोरं-ढोरं लांब. छाटलेलं लगेच पेटवू नये. कातडीवरचा चीक वाळण्याआधी साबणाने धुवावा, वाळला की रबरासारखा चिकटतो. पाण्याची भरलेली कळशी वईपाशीच ठेवावी, विहिरीवर नव्हे.

डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही. पापणी बोटांनी उघडी धरून तांब्याने बारीक धार सोडायची, नाकाकडून कानाकडे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. बुबुळ वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवत राहायचं. पूर्ण २० ते ३० मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत जळजळ कमी वाटते आणि माणूस थांबतो, तीच चूक. तूप, मध, गुलाबपाणी, आईचं दूध, काही घालू नका. या चिकाची खोड अशी की धुतल्यावर बरं वाटतं आणि काही तासांनी, बऱ्याचदा रात्री, डोळा परत ठणकू लागतो, उजेड सहन होत नाही, दिसणं धूसर होतं. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. वेळेत उपचार झाले तर बहुतेक डोळे आठवडा-दोन आठवड्यांत निवळतात. घरात आधीच्या कुणाचे स्टिरॉइडचे थेंब पडलेले असतील तर ते घालू नका, बुबुळावर जखम असताना ते घात करतात. आणि जाताना शेराची एक लहान फांदी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बरोबर न्या, म्हणजे कुठला चीक गेला हे डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.